रिव्हॉल्व्हर घरी आणू नकोस

ख्राइस्टचर्च, ११ फेब्रुवारी २०२४

ती. तात्या,
सप्रेम जयभीम.

ही गोष्ट फोनवर सांगता आली नसती. तुमच्या कानांपायी मला ओरडावं लागलं असतं आणि अकोल्यातल्या सगळ्या गल्लीला कळलं असतं की तुमची सून गोळ्या झाडायला लागलीय. म्हणून लिहितेय. आईंना एवढ्यात सांगू नका.

आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत ग्लेनिस नावाची टेक्निशियन आहे. पासष्टीची, गुडघ्यांनी कुरकुरणारी, लंचला रोज तेच चीझ सँडविच खाणारी. ती दर रविवारी पिस्तूल क्लबात जाते असं कळलं तेव्हा मला चेष्टाच वाटली. "कम अलाँग," म्हणाली. मी गेले. सहज.

तुम्ही पोलिसात होता, तुम्हाला याचं काही नवल नाही. मी मात्र आजवर गोळ्या फक्त मोजून डबीत भरल्या. या शहरात बंदुकीबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. मशिदींत गोळीबार झाला त्या शुक्रवारी मी हॉस्पिटलात ड्यूटीवर होते. त्यामुळे रेंजच्या फाटकापाशी मी जरा थबकलेच. ग्लेनिसला ते दिसलं. ती म्हणाली, "परत जायचं तर मी सोडते. पुष्कळ जण परत जातात." मग मी परत फिरले नाही.

इथे उभं राहून नेम धरायचा नसतो. एक प्रसंग मांडलेला असतो: लाकडी भिंती, खिडक्या, मागे पुठ्ठ्याची लक्ष्यं. बीप वाजला की एका जागेवरून दुसरीकडे जात ती टिपायची. मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळानं भागतात. बहुतेक जण पिस्तूल वापरतात, त्यात खूप गोळ्या मावतात. ग्लेनिसकडे रिव्हॉल्व्हर आहे, सहा गोळ्यांचं. मला तेच आवडलं. चक्र उघडलं की आत काय आहे ते डोळ्यांना दिसतं.

घरी सांगितलं तेव्हा तुमचा मैत्रेय हसला. म्हणाला, "छान आहे, जात जा." तो बरा आहे. काम जरा कमी आहे इतकंच.

तुमची,
अक्षता


अकोला, १५ फेब्रुवारी २०२४

चि. अक्षता,
जयभीम आणि अनेक मंगल कामना.

पत्र दोनदा वाचलं. टॅबवर एका बोटानं लिहितो आहे, उशीर झाला तर समजून घे.

पहिल्यांदा वाटलं, पोरीला तिकडे कुणी धमकावलं का काय? औषधांच्या दुकानावर चोरटे येतात असं ऐकतो. तसं असेल तर लपवू नकोस, स्पष्ट लिही.

तसं नसेल तर आनंद आहे. मी पस्तीस वर्षं कमरेला रिव्हॉल्व्हर वागवलं, माणसावर एकदाही रोखलं नाही. वर्षातून एकदा मैदानावर नेऊन गोळ्या झाडून घ्यायचे. कानात कापसाचे बोळे. त्याचं फळ आज भोगतो आहे. तू कानाला काय लावतेस ते आधी कळव.

आता एक शंका. आपण रोज वंदना घेतो आणि पहिलंच शील प्राणिमात्राची हिंसा न करण्याचं. मी नोकरीत असताना माझं मन मला सांगायचं, हे हत्यार रक्षणासाठी आहे. तुझं मन काय सांगतं? पुठ्ठ्याला माणसाचा आकार असतो का? रागावून विचारत नाही. आपण दोघं विचार करणारी माणसं आहोत म्हणून विचारतो.

आईला सांगितलं नाही. पण ती विचारत होती, मैत्रेयच्या निरोपात नुसता अंगठा का येतो?

तात्या


ख्राइस्टचर्च, २५ ऑगस्ट २०२४

ती. तात्या,
सप्रेम जयभीम.

मधले सहा महिने दोन-दोन ओळींवर तुमची बोळवण केली, माफ करा. आज निवांत बसलेय. मैत्रेय झोपलाय.

धमकीबिमकी काही नाही. कानाला वर मोठे मफ आणि आत रबरी बूच, दोन्ही लावते. पुठ्ठ्याला डोकं नसतं, हातपाय नसतात, कोपरे छाटलेला चौकोन असतो नुसता. आणि काही पुठ्ठे पांढरे असतात. त्यांना गोळी लागली की गुण कापतात. ते मुद्दाम आडवे-तिडवे, अर्धे पुढे येतील असे लावलेले असतात. पहिले तीन महिने मी पांढऱ्यांनाच जास्त भोकं पाडली!

शीलाबद्दल तुम्ही विचारलंत त्यावर मी पुष्कळ विचार केला. क्लबात नवख्याला पहिल्या दिवशी गोळी देत नाहीत. आधी रिकामं हत्यार देतात आणि बोट चापाबाहेर ठेवून चालायला लावतात. नळी कुठे बघतेय याचं भान क्षणभरही सोडायचं नाही. सोडलं तर त्या दिवसापुरतं घरी, मग तुम्ही वीस वर्षांचे मेंबर असा नाहीतर कुणी. मला तर वाटतं मी तिथे गोळी झाडण्यापेक्षा न झाडायलाच जास्त शिकले.

रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड असतो. ओढत जा, ओढत जा, घोडा मागे जातो, आणि मग सुटतो. घाई केली की नळी खाली झुकते. ग्लेनिस म्हणते, "आवाजाची वाट बघू नकोस, नुसती ओढत राहा." सहा झाल्या की चक्र उघडून रिकामं करायचं, सहा गोळ्या धरणारी एक पातळ चकती आत सरकवायची. हे चालता चालता. पिस्तूलवाले तोवर पुढच्या खिडकीत पोचलेले असतात. मी क्लबात खालून दुसरी आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आता मला स्वतःचं रिव्हॉल्व्हर घेण्याचा परवाना मागता येईल. अर्ज केलाय. परवान्याच्या कचेरीतून माणूस घर बघायला येतो, घरच्यांशीही बोलतो.

मैत्रेयचं सांगायचं राहिलं. त्याच्या कंपनीनं एप्रिलमध्ये माणसं कमी केली, त्यात तोही गेला. तुम्हाला काळजी नको म्हणून कळवलं नाही. मधे फार वाईट गेलं, कुणाशी बोलायचा नाही, केस विंचरायचा नाही. पण गेल्या दोन आठवड्यांपासून खूपच बरा आहे. शांत झालाय. माझ्याशी इतका मायेनं वागतो की मलाच संकोच वाटतो. परवा स्वतःचा तंबू, डोंगरात भटकायचे बूट, कॅमेरा सगळं शेजारच्या प्रसादला देऊन टाकलं. म्हणाला, पसारा कमी करतोय. आणि मुख्य म्हणजे माझ्या शूटिंगमध्ये पहिल्यांदा रस घेतोय. तिजोरी कपाटात त्यानंच भिंतीला बोल्ट मारून बसवली. परवाना कधी येणार, रिव्हॉल्व्हर कधी येणार, रोज विचारतो.

म्हणून आज मन हलकं आहे.

अक्षता


अकोला, २५ ऑगस्ट २०२४

अक्षता,

पत्र आलं तसा लगेच लिहितो आहे.

रिव्हॉल्व्हर घरी आणू नकोस.

माझं चुकत असेल तर पुढल्या पत्रात मला हस. पण मी पंचनामे पुष्कळ केले. घरातली माणसं ओट्यावर बसलेली असायची आणि बहुतेक घरात एकच वाक्य ऐकू यायचं, "पण आता तर तो बरा झाला होता हो." वाईट दिवसांनंतर एकाएकी शांत होणं, जिवाभावाच्या वस्तू वाटून टाकणं, जवळच्यांशी फार गोड वागणं. हे मी ऐकलेलं आहे. पुन्हा पुन्हा ऐकलेलं आहे.

आमच्या ठाण्यात एखादा गडी असा गप्प झालेला दिसला तर मोठे साहेब काही कारण काढून त्याचं हत्यार जमा करून घेत. त्याला शिक्षा म्हणून नव्हे.

त्याला सरळ विचार. आडून नको. विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही. असलेलं बाहेर येतं. मला फोनवर त्याचं उत्तर ऐकू येणार नाही, नाहीतर मीच विचारलं असतं.

तात्या


ख्राइस्टचर्च, २८ ऑगस्ट २०२४

तात्या,

तुमचं पत्र वाचून मला काय वाटलं ते लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन. तुम्ही तुमच्या मुलाला पंचनाम्यात बसवलंत. तो तुमचा मुलगा आहे, केस नाही. चार महिने मी त्याला एकटीनं सांभाळलंय. डबा करून ठेवायचा, कामावरून आल्यावर तो तसाच बघायचा, काही न बोलता धुवायचा. आता कुठे तो हसतोय तर तुम्हाला त्यातही मरण दिसतं.

तुम्ही तिथून काय बघणार?

अक्षता


ख्राइस्टचर्च, १५ सप्टेंबर २०२४

ती. तात्या,

मैत्रेय जिवंत आहे. शेजारच्या खोलीत आहे. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

तुम्हाला ते पत्र पाठवलं आणि नंतर मी रोज त्याच्याकडे बघायला लागले. बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते. विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं.

३ तारखेला, मंगळवारी दुपारी परवान्याच्या कचेरीतली बाई आली. तिजोरी बघितली, हलवून बघितली, खूश झाली. माझ्याशी किचनमध्ये बोलली, मग मैत्रेयशी लाउंजमध्ये एकट्याशी. दाराआडून मला त्याचा आवाज येत होता. "नो कन्सर्न्स. शी इज व्हेरी केअरफुल." ती निघाली. मी दार लावलं. तो तिचा कप विसळत होता, माझ्याकडे पाठ करून.

मी विचारलं, "मैत्रेय, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

नळ चालूच होता. मग त्यानं तो बंद केला आणि म्हणाला, "हो."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

"तिनं मलाही विचारलं, तुम्ही कसे आहात," तो म्हणाला. "मी फाइन म्हणालो. इंग्रजीत ते सोपं जातं. तू मराठीत विचारलंस." आणि तो तिथेच, सिंकला टेकून खाली बसला.

मी पायात होत्या त्या रबरी चपलांवर धावत बाहेर गेले. ती गाडी मागे घेत होती. मी खिडकीवर हात मारला. काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं, म्हटलं, "माझा अर्ज थांबवा. घरात काही यायला नको." तिनं लगेच इंजिन बंद केलं, परत आत आली आणि मैत्रेयच्या शेजारी फरशीवर बसली. फोन तिनंच लावला. संध्याकाळच्या आत मानसोपचार विभागाची दोन माणसं आली, त्याच्याशी बोलली, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. औषध सुरू झालंय. ते त्याच्या हातात किती दिवसांचं द्यायचं हे मीच ठरवते, आणि निदान त्या बाबतीत मला माझं काम येतं. आठवड्यातून एकदा तो एका समुपदेशकाकडे जातो. पहिल्या वेळी रडून आला. दुसऱ्या वेळी चिडून. डॉक्टर म्हणाले, दोन्ही चांगलं.

ग्लेनिसला मी सगळं सांगितलं. ती बेकन अँड एग पाय भाजून घेऊन आली, मग आठवलं की मैत्रेय बेकन खात नाही, तर स्वतःच बसून खाल्लं निम्मं. जाताना म्हणाली, "क्लबचं रिव्हॉल्व्हर क्लबच्या तिजोरीत असतं. तुला यावंसं वाटेल तेव्हा ये. नाही वाटलं तरी स्वीट ॲज, काही बिघडत नाही."

तात्या, मी "सहज" गेले होते असं लिहिलं होतं. तसं नव्हतं. कंपनीत कपात होणार हे फेब्रुवारीतच कळलं होतं आणि घरात इतकी शांतता असायची की रविवारी मला तिथून पळायचं असायचं. रेंजवर डोक्यात दुसरं काही शिरत नाही. बाकी मी काय लिहू. तुम्ही तिथून सगळं बघितलंत.

अक्षता


अकोला, १७ सप्टेंबर २०२४

चि. मैत्रेय,

हे पत्र तुला आहे. अक्षतालाही वाचू दे, पण आधी तू वाच.

उपदेश लिहायला घेतला होता, पुसून टाकला. माझे वडील मला जवळ घेत नसत, मी तुला घेतलं नाही. आपल्या घरात पोरगं शिकलं, नोकरीला लागलं, परदेशी गेलं की बापाचं काम झालं असं मी समजत होतो. तू इंजिनियर झालास त्या दिवशी मी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभा राहून रडलो. तुला ते कधी सांगितलं नाही. आता वाटतं, तू हे सगळं डोक्यावर घेऊन चालत होतास, आणि नोकरी गेल्यावर कुणाकुणाला तोंड दाखवायचं याची यादीच तुझ्यापुढे उभी राहिली असेल. त्या यादीतून माझं नाव काढ. तू नोकरीत नसलास तरी माझाच आहेस.

आईला सांगितलं. रागावू नकोस, एवढं मला एकट्याला पेलवेना. ती रडली नाही. तिनं विचारलं, "त्याच्यापाशी कोण बसतं?" मी म्हटलं, अक्षता. त्यावर ती म्हणाली, "मग तिच्यापाशी कोण बसतं?"

तू मला लिही. काय वाटतं ते लिही, वाईट वाटतं तेही लिही. मला ऐकू येत नाही, पण वाचता येतं.

तुझा,
तात्या


ख्राइस्टचर्च, ६ ऑक्टोबर २०२४

ती. तात्या,
जयभीम.

पत्र मराठीत लिहायची सवय गेलीय. तीन वेळा सुरुवात केली.

मी इथे आलो तेव्हा शहर मोडलेलं होतं. भूकंपानं सगळीकडे मोकळे प्लॉट, कुंपणं, क्रेन. मी हिशेब केलेल्या इमारती आज उभ्या आहेत. लायब्ररीकडून जाताना एक दिसते. तर शहर उभं राहिलं आणि आमचं काम संपलं. यात कुणाचं चुकलं नाही. मला ते कळत होतं, तरी रोज सकाळी जाग आली की पहिला विचार यायचा, आज मी कुणाला लागतो? उत्तर येत नसे. मग तेच उत्तर वाटायला लागलं.

शांत झालो होतो ते खरं आहे. ठरलं होतं म्हणून. अक्षताला हे सांगितलंय. तुम्हालाही सांगतो, कारण तुम्ही वाचता येतं म्हणालात.

आता शांत नाही. चिडचिड होते, झोप मोडते, औषधानं तोंड कोरडं पडतं. डॉक्टर म्हणतात असंच असतं. आईला सांगा, अक्षतापाशी ग्लेनिस बसते. आणि कधी कधी मी बसतो.

तिजोरीचे बोल्ट काढले. भिंतीला चार भोकं राहिली होती, ती लांबी भरून रंगवली. अख्खा दिवस लागला. पण काम झालं.

मैत्रेय


ख्राइस्टचर्च, ९ मार्च २०२५

ती. तात्या आणि आई,
सप्रेम जयभीम.

आता आईंपासून काही लपवायचं उरलं नाही म्हणून दोघांना मिळून लिहितेय.

आज आमच्या क्लबची मॅच होती. अर्ज मी पुन्हा केलेला नाही आणि करणारही नाही. क्लबचं रिव्हॉल्व्हर तिथेच हातात घेते, तिथेच परत देते. मला तेवढं पुरतं. मैत्रेय आधी कधी आला नव्हता. हॉर्नबीतल्या एका काँक्रीटच्या यार्डात त्याला आठवड्यातून तीन दिवसांचं ड्रॉइंगचं काम मिळालंय हे त्यानं तुम्हाला कळवलंच आहे. काल संध्याकाळी तो स्वतःहून म्हणाला, "मी येऊ का? हात लावणार नाही कशाला." मी ग्लेनिसला विचारलं, तिनं आमच्या मुख्य रेंज ऑफिसरला सगळं सांगून विचारलं. ते म्हणाले, भोकं बुजवायला माणूस हवाच आहे.

प्रत्येक जण झाडून झाला की पुठ्ठ्यावरची भोकं तपकिरी चिकटपट्टीनं बुजवावी लागतात, म्हणजे पुढच्याची मोजता येतात. मैत्रेय दिवसभर तेच करत होता. उन्हात टोपी घालून, बोटांना पट्ट्या चिकटवून. एकीकडे बुजवायचा, दुसरीकडे लोक त्याला विचारायचे, ही भिंत वाऱ्यानं हलते, काय करावं? दुपारपर्यंत त्यानं दोन भिंतींना तिरके टेकू लावले होते.

माझा शेवटचा प्रसंग अवघड होता. तीन खिडक्या, दोन पांढरे पुठ्ठे. "आर यू रेडी?" मी मान हलवली. "स्टँड बाय." बीप. पहिल्या खिडकीत सहाही बरोबर. चालता चालता चक्र उघडलं, रिकामं केलं, चकती एका झटक्यात आत गेली, जी माझी सरावातही दहातून चारदाच जाते! दुसऱ्या खिडकीत एक चुकली. तिसरीत मी घाई केली नाही. ओढत राहिले. शेवटची गोळी पांढऱ्याच्या अगदी कडेनं गेली. हत्यार रिकामं दाखवलं, होल्स्टरमध्ये ठेवलं, आणि तेव्हा कुठे श्वास सोडला.

मग मोजणी. शेवटचं भोक पांढऱ्याच्या रेषेला शिवलं होतं की नव्हतं? रेंज ऑफिसर वाकून बघत होता. मी म्हणाले, "इट्स क्लिअर." मैत्रेय हातात चिकटपट्टी घेऊन मागे उभा होता. त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तो मराठीत म्हणाला, "शिवलंय."

"काय?"

"रेषेला शिवलंय. डावीकडून बघ."

रेंज ऑफिसरनं विचारलं, तो काय म्हणतो? मी म्हटलं, काही नाही. मग मैत्रेयनं इंग्रजीत सांगितलं! रेंज ऑफिसरनं पारदर्शक माप लावून बघितलं, हसला आणि गुण कापले. रिव्हॉल्व्हरवाल्यांत मी दुसरी येणार होते ती तिसरी आले. आम्ही चारच जण होतो.

गाडीत बसल्यावर मी त्याला म्हटलं, नवरा कुणाचा आहेस तू? तो म्हणाला, मिलिमीटर म्हणजे मिलिमीटर. मी म्हटलं, पुठ्ठा फाटतो तेव्हा कड उचलली जाते, ती भोकात धरत नाहीत. तो म्हणाला, कड उचललेली नव्हती. मी आवाज चढवला. त्यानंही चढवला. रेंजपासून घरापर्यंत आम्ही भांडत आलो, सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं बघत होती. कितीतरी महिन्यांनी तो माझ्याशी भांडला. इतके दिवस आम्ही एकमेकांना काचेसारखं जपत होतो.

आत्ता तो टेबलावर कागद घेऊन बसलाय. पुठ्ठा, रेषा, गोळीचा व्यास, सगळं मापात काढतोय. मधेच ओरडून मला बोलावतो, "बघ, बघ इथे." सगळं ठीक झालं असं मी म्हणत नाही, परवाचाच दिवस वाईट होता. पण आज तो मला खोटी पाडायला बसलाय.

तात्या, तो ते चित्र तुम्हाला पाठवेल आणि निकाल मागेल. तुम्ही देऊ नका. हे भांडण मला अजून थोडे दिवस पुरवायचं आहे.

तुमची,
अक्षता